वावर वाढलं की साखळी आखडली?

महागावहून हिवरा संगमाकडे जाताना रस्त्याच्या कडेला एका वावराची मोजणी चालली होती. मृग लागायला आठ-दहा दिवस उरलेले. जमीन वखरून तयार, ढेकळं उन्हानं तापलेली, आणि नोटीस मिळाली म्हणून लगतचे चार कास्तकार डोक्याला दुपट्टे बांधून धुऱ्यावरच्या बाभळीखाली उभे. भूकरमापकाच्या हातात आता साखळी नसते. उंच काठीच्या टोकाला पांढऱ्या डब्यासारखा रोव्हर असतो; तो उपग्रहांकडून संदेश घेतो आणि जागा सांगतो. त्या चौघांत एक म्हातारे होते. त्यांचा त्या डब्यावर विश्वास नव्हता आणि जुन्या साखळीवर तर त्याहून नव्हता. ते म्हणाले, “आमच्या टायमाले साखळीनं मोजत. साखळी घासू घासू लांबली असंन तं वावर कमी भरे. आता वावर आखडलं का साखळी लांबली, हे कोणाले इचारावं?”

हिशोब त्यांचा बरोबर होता. शंकू साखळी ३३ फुटांची, तिचे १६ आणे. लांबीला एक साखळी आणि रुंदीला एक साखळी म्हणजे गुंठा, १०८९ चौरस फूट. असे ४० गुंठे म्हणजे एकर. कड्या झिजून साखळी चार इंचांनी वाढली, म्हणजे शंभरात साधारण एक, तर एकराचं वावर कागदावर ३९ गुंठ्यांच्या किंचित वर भरतं. जमीन जागची हलली नाही, गट नंबर बदलला नाही, धुऱ्यावरचा दगड तिथल्या तिथे, आणि पाऊण गुंठा गेला.

व्यापक सापेक्षता सिद्धांतातलं विस्तारणारं विश्व समजून घ्यायला मला याहून चांगलं दार सापडलेलं नाही. त्या सगळ्या गणिताच्या मुळाशी मेट्रिक नावाची एकच चीज आहे. मीटर-किलोशी किंवा आपल्या आजोबांच्या मॅट्रिकच्या परीक्षेशी तिचा संबंध नाही. मेट्रिक म्हणजे मोजणीचा नियम: दोन जागांचे नंबर दिले, तर त्यांच्यातलं खरं अंतर कसं काढायचं, हे सांगणारा.

नंबर आणि अंतर या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे खेड्यातल्या माणसाला शिकवावं लागत नाही. गट नंबर १२ आणि गट नंबर १५ यांच्यात किती अंतर आहे, हे पंधरातून बारा वजा करून कळत नाही; नकाशा लागतो, नकाशाचं प्रमाण लागतं. पृथ्वीवरच्या अक्षांश-रेखांशांचंही तेच. महागाव सुमारे २० अंश अक्षांशावर आहे. इथून एक अंश सरळ उत्तरेला गेलं, तर सुमारे १११ किलोमीटर होतात. एक अंश पूर्वेला गेलं, तर मात्र १०५च. श्रीनगरला पूर्वेचा तोच एक अंश ९२ किलोमीटरवर येतो आणि ध्रुवापाशी त्याची किंमत शून्य होते. नंबर तेच, पण दर अंशाला किती किलोमीटर मिळणार याचा भाव जागोजाग वेगळा. जिनिंगवर कापूस नेला की क्विंटल किती यावर पैसे ठरत नाहीत, त्या दिवशीचा भावही लागतो, तसंच हे. मेट्रिक म्हणजे अशा भावांची यादी.

शाळेतलं पायथागोरसचं प्रमेय हे सगळ्यात साधं मेट्रिक. उभ्या फरकाचा वर्ग अधिक आडव्या फरकाचा वर्ग म्हणजे अंतराचा वर्ग. यात सगळे भाव एक-एक. सपाट कागदावर हे चालतं, गोल पृथ्वीवर पूर्वेच्या फरकाला भाव लावावा लागतो. १९०८ मध्ये हेर्मान मिंकोव्स्की यांनी या हिशोबात काळालाही ओढून आणलं, पण उलट्या चिन्हानं. काळाचा फरक प्रकाशाच्या वेगानं गुणायचा, त्याचा वर्ग करायचा आणि त्यातून अंतराचा वर्ग वजा करायचा. जे उरतं ते दोन घटनांमधलं अवकाशकालातलं अंतर. प्रकाशासाठी ही वजाबाकी नेमकी शून्य येते. प्रकाशाचा किरण म्हणजे शून्य अंतराची वाट, हे वाक्य विसरायचं नाही. पुढे सगळं त्याच्यावर चालणार आहे.

चार मितींच्या अवकाशकालात असे दहा भाव असतात. १९१५ च्या अखेरीस आइन्स्टाइन यांनी सांगितलं की हे भाव कोणी वरून ठरवून दिलेले नाहीत; तिथे किती वस्तुमान आणि ऊर्जा आहे, यावरून ते ठरतात आणि ते जागेनुसार, काळानुसार बदलतात. ज्याला आपण गुरुत्वाकर्षण म्हणतो, ते या भावांच्या चढउतारातून येतं. समीकरणं लिहिली गेली, पण ती सुटेनात. दहा अनोळखी भाव, एकमेकांत गुंतलेली दहा समीकरणं. एका ताऱ्याभोवतीचं गणित जेमतेम सुटलं. अख्ख्या विश्वाचं कसं सुटावं?

गंमत अशी की विश्वाचं गणित ताऱ्यापेक्षा सोपं निघालं. जवळून पाहिलं तर विश्व खडबडीत आहे: इथे सूर्य, तिथे पोकळी, मध्येच अब्जावधी ताऱ्यांची वस्ती असलेली एखादी दीर्घिका. पण तीस-चाळीस कोटी प्रकाशवर्षांची रुंदी एकदम नजरेत घेतली, तर सगळीकडे माल सारखाच पसरलेला दिसतो आणि कुठल्याही दिशेला पाहिलं तरी चित्र तेच. महागावच्या शिवारात ढेकळं मोजत बसलं तर दोन हात जमीन सारखी सापडणार नाही. विमानातून पाहिली की एकच काळी चादर. हे सारखेपण गृहीत धरलं की दहा भावांपैकी बाकीचे गळून पडतात आणि उरतो काळाबरोबर बदलणारा एकच भाव, आणि वक्रता सांगणारा एक आकडा. १९२२ मध्ये पेट्रोग्राडमध्ये अलेक्झांडर फ्रीडमन यांनी हे करून दाखवलं, १९२७ मध्ये बेल्जियममध्ये जॉर्ज लमेत्र या धर्मगुरूंनी स्वतंत्रपणे. फ्रीडमन १९२५ मध्ये विषमज्वरानं गेले, त्यांना आपलं गणित आकाशात उतरलेलं दिसलं नाही. पुढे १९३० च्या दशकात रॉबर्टसन आणि वॉकर या दोघांनी सिद्ध केलं की सारखेपण मान्य असेल, तर मेट्रिकचा साचा हाच, दुसरा शक्यच नाही. म्हणून त्याला या चौघांची नावं जोडलेली आहेत.

शब्दांत तो साचा असा: काळाच्या फरकाचा वर्ग, वजा भावाचा वर्ग गुणिले नंबरांच्या फरकाचा वर्ग. संपलं. पाठ्यपुस्तकांत या भावाला स्केल फॅक्टर म्हणतात. विश्वाचं प्रसरण म्हणजे हा भाव वाढत जाणं.

आता हे डोळ्यांसमोर आणायचं तर जुन्या पद्धतीची चौफुली आठवा. वावरात उभ्या रेघा पाडायच्या, मग आडव्या, आणि जिथे फुली पडेल तिथे सरकी टोबायची. प्रत्येक झाडाला आपोआप पत्ता मिळतो: सातव्या तासातलं बारावं झाड. हा पत्ता म्हणजे दीर्घिकेचा नंबर. झाड फुलीवरून हलत नाही, तशी दीर्घिकाही तिच्या नंबरावरून, एरवीची थोडी चुळबुळ सोडली तर, हलत नाही. समजा, दोन फुल्यांमध्ये तीन फूट होते आणि महिन्याभरात जमीनच अशी ताणली गेली की सहा झाले. शेजारचं झाड तीन फुटांनी लांब गेलं. दहावं झाड तीस फुटांवर होतं, ते साठावर गेलं, म्हणजे तीस फुटांनी लांब. जितकं दूर तितका पळण्याचा वेग जास्त; आणि हा हिशोब कुठल्याही झाडाखाली बसून केला तरी हाच येतो. मधोमध असं कुठलं झाड नाही. १९२९ मध्ये एडविन हबल यांनी दीर्घिकांच्या बाबतीत मांडलेला नियम तो हाच. आजचा दर मोजणीच्या पद्धतीनुसार ६७ ते ७४ च्या दरम्यान येतो: दर ३२.६ लाख प्रकाशवर्षांमागे सेकंदाला इतके किलोमीटर. दोन पद्धतींचे आकडे जुळत नाहीत, ही सध्याची मोठी डोकेदुखी आहे. लगतधारक सही करायला तयार नाहीत, एवढंच आत्ता म्हणू.

उपमेला दोन ठिकाणी तोडावं लागतं. पहिलं, वावराला धुरा असतो आणि धुऱ्यापलीकडे दुसऱ्याचं वावर. विश्वाच्या या मेट्रिकला धुरा नाही आणि ते कशात तरी पसरतं आहे असंही नाही. भाव वाढायला बाहेर मोकळी जागा लागत नाही. कापसाचा भाव वाढतो तेव्हा गोदाम मोठं करावं लागत नाही, तसं. दुसरं, जमीन ताणली म्हणून कपाशीचं बोंड ताणलं जात नाही. झाडाच्या आतली बांधणी घट्ट असते.

यावरून लोक विचारतात, मग आपणही फुगतोय का? महागाव ते पुसद अंतर वाढतंय का? नाही. प्रसरणाचा दर अब्ज वर्षांत शेकडा सात एवढा आहे. समजा तो इथे लागू असता, तर शंभर किलोमीटरचं अंतर वर्षाला सात मायक्रोमीटरनं वाढलं असतं. माणसाच्या केसाच्या जाडीचा साधारण दहावा भाग. तेवढंही होत नाही. फ्रीडमनचं मेट्रिक सारख्या पसरलेल्या मालासाठी आहे; पृथ्वी, सूर्यमाला, आपली दीर्घिका इथे माल सारखा पसरलेला नाही, इथले भाव वेगळे आणि इथल्या वस्तू एकमेकींना बांधलेल्या. पंचवीस लाख प्रकाशवर्षांवरची देवयानी दीर्घिका तर सेकंदाला सुमारे ११० किलोमीटर वेगानं आपल्याकडेच येते आहे. प्रसरण दिसतं ते दीर्घिकांच्या मोठ्या थव्यांच्या पलीकडे. ‘विश्व फुगतंय म्हणून घराच्या भिंतीला तडा गेला’ असं कोणी म्हणालं, तर गवंडी बदलावा.

प्रकाशाकडे येऊ. दूरच्या दीर्घिकेतून एक लहर निघाली, शेजारच्या दोन शिखरांत ठरावीक अंतर. ती वाटेत असताना भाव दुप्पट झाला, तर शिखरांमधलं अंतरही दुप्पट. निळा प्रकाश लालाकडे सरकतो. याला मराठीत ताम्रसृती असा सुंदर शब्द आहे. वेगामुळे होणारा लालपणा वेगळा, रेल्वेच्या शिट्टीसारखा. हा त्या जातीचा नाही. इथे फक्त एकच विचारायचं: प्रकाश निघाला तेव्हा भाव किती होता आणि आज किती आहे? गुणोत्तर आलं की ताम्रसृती आली. महास्फोटानंतर सुमारे ३ लाख ८० हजार वर्षांनी सुटलेला प्रकाश आज आपल्यापर्यंत पोहोचतो, तेव्हा भाव ११०० पटींहून जरा कमी वाढलेला असतो. निघताना तो सुमारे ३००० केल्व्हिन तापमानाच्या भट्टीतला उजेड होता, आज २.७ केल्व्हिनची सूक्ष्मतरंगांची हलकी ऊब. १९६५ मध्ये पेन्झियास आणि विल्सन यांना ती आपल्या अँटेनात सापडली. कबुतरांची विष्ठा साफ करूनही खरखर जाईना, हा किस्सा प्रसिद्ध आहे.

आणि आता तो प्रश्न, जो व्याख्यानानंतर हमखास येतो. विश्वाचं वय १३.८ अब्ज वर्षं. प्रकाशापेक्षा वेगानं काही जात नाही. मग दिसणाऱ्या विश्वाची हद्द ४६ अब्ज प्रकाशवर्षांवर कशी? बोर्डावर गणित मांडलं की अर्धी खोली झोपते, म्हणून मी रस्त्याचं उदाहरण देतो. एक माणूस महागावहून चालत निघाला, ताशी चार किलोमीटर. दर तासाच्या शेवटी अख्खा रस्ता ताणला जाऊन दुप्पट होतो. पहिल्या तासात तो चार किलोमीटर चालला. रस्ता ताणला, महागाव आठ किलोमीटर मागे पडलं. दुसऱ्या तासात चार चालला, बारा झाले, ताणून चोवीस. तिसऱ्या तासात चार, अठ्ठावीस. माणूस चालला बारा किलोमीटर, एक पाऊलही ताशी चारपेक्षा जोरात नाही, पण मागे वळून पाहिलं तर महागाव अठ्ठावीस किलोमीटरवर. सुरुवातीला चाललेला तुकडा सगळ्यात जास्त वेळा ताणला गेला. प्रकाशाचंही हेच. प्रत्येक क्षणी शून्य अंतराची वाट हा नियम पाळतच तो आला; मागची जमीन मात्र वाढत राहिली.

याच हिशोबानं पुढचा धक्का. साधारण १४ अब्ज प्रकाशवर्षांपलीकडच्या दीर्घिका आपल्यापासून प्रकाशाच्या वेगापेक्षा जास्त वेगानं दूर जात आहेत, आणि त्यातल्या पुष्कळ आपल्याला दिसतात. नियम मोडला का? प्रकाशाच्या वेगाची मर्यादा शेजारून जाणाऱ्याला आहे, रस्त्यावर चालणाऱ्याच्या पायांना आहे. दोन फुल्यांमधल्या अंतराची वाढ म्हणजे कोणाचं पळणं नव्हे. मला हे पटायला बराच काळ गेला, आणि अजूनही कधीकधी रात्री पटत नाही.

वक्रतेचा तो दुसरा आकडा लवकर आटोपतो. तो अधिक एक, शून्य किंवा उणे एक. अधिक असेल तर अवकाश गोलाच्या पृष्ठभागासारखं स्वतःवर वळलेलं, उणे असेल तर घोड्याच्या खोगिरासारखं, शून्य असेल तर सपाट. मोजमापं सपाटच्या अगदी जवळ येतात.

भाव कसा वाढेल, हे मालावर ठरतं. विश्वात साधं वस्तुमानच असेल, तर वाढ हळूहळू मंदावते. फक्त प्रारण असेल तर आणखी मंदावते. रिकाम्या अवकाशाचीच काही ऊर्जा असेल, तर उलट: भाव चक्रवाढीनं वाढतो, सावकाराच्या व्याजासारखा. १९९८ मध्ये दूरच्या सुपरनोव्हांच्या, म्हणजे स्फोट होणाऱ्या ताऱ्यांच्या, मोजणीतून दिसलं की गेली पाच-सहा अब्ज वर्षं वाढ खरोखरच वेग घेते आहे. विश्वाच्या एकूण मालात तुमच्या-आमच्यासारखं साधं द्रव्य शेकडा पाचच्या आसपास, सुमारे सत्तावीस न दिसणारं कृष्ण द्रव्य, आणि उरलेलं अडुसष्ट हे चक्रवाढवालं प्रकरण.

या चक्रवाढीच्या मेट्रिकशी मराठी माणसाचं जुनं नातं आहे. १९१७ मध्ये डच शास्त्रज्ञ द सिटर यांनी ते रिकाम्या विश्वासाठी मांडलं होतं. १९४८ मध्ये बाँडी, गोल्ड आणि हॉइल यांनी तेच मेट्रिक उचललं, पण भरलेल्या विश्वासाठी. विश्व प्रसरण पावतं हे मान्य, पण ते कायम असंच दिसत आलं, त्याला सुरुवात नाही, हा स्थिर स्थिती सिद्धांत. कोल्हापुरात जन्मलेले, बनारसमध्ये वाढलेले जयंत नारळीकर केंब्रिजला हॉइल यांचे विद्यार्थी झाले आणि या सिद्धांताचा गणिती पाया त्यांनी हॉइल यांच्या सोबतीनं भक्कम केला. अडचण उघड होती: दीर्घिका दूर दूर गेल्या तर विश्व विरळ होणार, मग ते सारखं कसं दिसेल? उत्तर कपाशीवाल्याला लगेच कळेल. नांग्या भरायच्या. उगवण झाली नाही तिथे आपण पुन्हा सरकी टोबतो, तसं ताणलेल्या जागेत नवं द्रव्य निर्माण होत राहतं. लागणारं प्रमाणही इतकं थोडं, घनमीटरमागे अब्जावधी वर्षांत एखादा हायड्रोजनचा अणू, की प्रयोगशाळेत ते पकडता येऊ नये. नारळीकर-हॉइल यांनी या निर्मितीसाठी स्वतंत्र क्षेत्र मांडलं, म्हणजे द्रव्य हवेतून आलं असं म्हणायची पाळी येऊ नये.

१९६५ ची ती सूक्ष्मतरंगांची ऊब स्थिर स्थितीच्या मुळावर आली. बहुतेकांनी पक्ष बदलला. नारळीकरांनी बदलला नाही. १९९३ मध्ये हॉइल, बर्बिज आणि नारळीकर यांनी सुधारित रूप मांडलं, ज्यात भाव चक्रवाढीनं वाढता वाढता लाटेसारखा वरखालीही होतो. जगानं ते स्वीकारलं नाही, आणि माझ्या मते पुराव्यांचं पारडं महास्फोटाकडेच आहे. पण २० मे २०२५ रोजी पुण्यात त्यांचं निधन झालं तेव्हा पुष्कळ ठिकाणी विज्ञानकथाकार आणि पुण्याच्या आयुका या खगोलसंस्थेचे संस्थापक म्हणूनच लिहिलं गेलं. हा माणूस साठ वर्षं एका मेट्रिकच्या बाजूनं उभा होता, हे तिथे मागे पडलं.

त्यांच्या आधी त्यांचे वडील. विष्णु वासुदेव नारळीकर १९३२ मध्ये केंब्रिजहून परतले आणि बनारस हिंदू विद्यापीठात गणिताचे प्रमुख झाले. सापेक्षतेची शाळाच त्यांनी तिथे उभी केली. त्यांचे विद्यार्थी प्र. चु. वैद्य यांनी १९४३ मध्ये प्रकाश फेकणाऱ्या ताऱ्याचं मेट्रिक शोधलं. ते आज जगभर ‘वैद्य मेट्रिक’ म्हणून ओळखलं जातं. त्याच शाळेतल्या के. आर. करमरकर यांची मेट्रिकवरची १९४८ ची अट गेल्या काही वर्षांत पुन्हा शेकडो निबंधांत वापरली जाते आहे. प्रयोगशाळा नाही, दुर्बीण नाही, कागद आणि पेन्सिल आहे: अशा ठिकाणी मेट्रिक हा विषय रुजतो.

आणि म्हणूनच बहुधा तो विदर्भातही रुजला. अमरावती आणि नागपूर विद्यापीठांत गणितातल्या पीएचडीचे विषय चाळले, तर ‘बियांकी’ हे इटालियन नाव इतक्या वेळा भेटतं की ते इथल्याच कुठल्यातरी गावचं वाटावं. लुइजी बियांकी यांनी १८९८ मध्ये सारख्या अवकाशांचे नऊ प्रकार पाडले. त्यांतून निघणाऱ्या विश्वांत माल सगळीकडे सारखा, पण दिशा सारख्या नाहीत. चौफुलीत उभ्या तासांमधलं अंतर एका भावानं वाढतं, आडव्यांमधलं दुसऱ्या, आणि उंचीचा भाव तिसराच. या जातीचं सगळ्यात जुनं उदाहरण एडवर्ड कॅस्नर यांचं १९२१ चं. तिथे दोन दिशा ताणल्या जातात आणि तिसरी आक्रसते. भाव काळाच्या ज्या घातांनी बदलतात ते घातांक, उदाहरणार्थ, दोन तृतीयांश, दोन तृतीयांश आणि उणे एक तृतीयांश. त्यांची बेरीज करा, एक येते. त्यांच्या वर्गांची बेरीज करा, तीही एकच. तालुक्याच्या गावी दिवसभर बीएस्सीचे तास घेऊन संध्याकाळी एखादे प्राध्यापक अशा घातांकांशी खेळत बसतात, ही मला आपल्या भागाची फार गोड बाजू वाटते. खरं सांगायचं तर यातले बरेच निबंध साच्यातले असतात: एक मेट्रिक घ्या, एक द्रव घ्या, मंदनाचा एक नियम गृहीत धरा, उत्तर काढा. त्या सूक्ष्मतरंगांत दिशेदिशेतला फरक लाखात एक एवढाच सापडतो, तेव्हा आजचं विश्व असं तिरकं वाढत नाही हेही नक्की. पण फार सुरुवातीला ते कसं होतं, आणि तिरकं असेल तर सरळ कसं झालं, हा प्रश्न खरा आहे, आणि त्याला हेच गणित लागतं.

म्हाताऱ्यांचा प्रश्न मात्र, उलटा होऊन, अजून धुऱ्यावरच उभा आहे. वावर वाढलं, की साखळी आखडली? आपली साखळी शेवटी अणूंची बनलेली. आपण म्हणतो दीर्घिका दूर गेल्या, तेव्हा अणूंच्या तुलनेत दूर गेल्या. समजा अवकाश मिंकोव्स्कीच्या कागदासारखं जागच्या जागी आहे आणि काळाबरोबर अणूच लहान होत आहेत, तर? फ्रीडमनच्या मेट्रिकमध्ये घड्याळाची मोजणी थोडी बदलून घेतली, तर वक्रता शून्य असताना तो वाढता भाव काळ आणि अवकाश दोघांच्याही पुढे सामाईक काढता येतो, आणि आत उरतं ते साधं सपाट मेट्रिक. मग भावाचं काम कणांच्या वस्तुमानावर सोपवायचं. इलेक्ट्रॉनचं वस्तुमान वाढत गेलं की अणू आक्रसतो. दूरच्या दीर्घिकेतून प्रकाश निघाला तेव्हा इलेक्ट्रॉन हलका होता, अणू पसरट होता, म्हणून तिथून निघालेली लहरच लांब. वाटेत काही ताणलं गेलं नाही, तरी आकाशात ताम्रसृती तीच. हे बदलत्या वस्तुमानाचं चित्र हॉइल आणि नारळीकर यांनीच गंभीरपणे मांडलं; १९९३ मध्ये नारळीकर आणि हॉल्टन आर्प यांनी त्यावर सविस्तर निबंध लिहिला. सगळीकडे वस्तुमान सारखंच वाढत असेल, तर दोन्ही वर्णनांतून निघणारं प्रत्येक मोजमाप एकच येतं. कुठली मोजणी करून निकाल लावावा, असा धुरा तिथे नाहीच. आर्प आणि नारळीकर त्यापुढे जाऊन क्वासार नावाच्या काही तेजस्वी वस्तूंत वेगळ्या वयाचं द्रव्य असावं असं म्हणाले, ते मात्र बहुतेकांना पटलं नाही.

भूकरमापकानं काठी चौथ्या कोपऱ्यावर टेकवली. रोव्हरला संदेश देणारे उपग्रह वीस हजार किलोमीटर उंचावर फिरतात. तिथे पृथ्वीचं गुरुत्व कमी, म्हणून काळाचा भाव जमिनीवरच्यापेक्षा वेगळा. वेगाचा परिणाम वजा जाऊनही वरची घड्याळं दिवसाला ३८ मायक्रोसेकंद पुढे धावली असती, आणि तेवढ्यात प्रकाश अकरा किलोमीटर जातो. म्हणून मेट्रिक वापरून ती आधीच तेवढ्या मंद गतीला लावलेली असतात. मी हे त्या म्हाताऱ्यांना सांगायला गेलो. त्यांनी ऐकून घेतलं, मान हलवली. डब्यानं बीप केलं, भूकरमापकानं चुन्याची खूण टाकली आणि पुढे गेला. म्हाताऱ्यांनी दुपट्टा सोडून खांद्यावर टाकला, खुणेवर पाय ठेवला आणि ढांगा मोजत धुऱ्याधुऱ्यानं चालू लागले. सत्तेचाळीसपर्यंत आवाज ऐकू येत होता.